स्पीतीत झाडं नसतात: दोन गाड्या, दहा दिवस आणि एक पहार

हिमाचलातल्या स्पीती खोऱ्याकडे निघायच्या आदल्या संध्याकाळी साताऱ्याच्या घरी अंगणात ताडपत्री अंथरली आणि सगळं सामान तिच्यावर मांडलं. माझी थार, मामेभावाची म्हणजे दादाची जुनी जिप्सी, आणि आमच्याबरोबर वहिनी आणि मामा. मामांची चौतीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये गेली. एकेक वस्तू उचलायची, "हे कशावर लावणार?" असं विचारायचं आणि समाधान होईल असं उत्तर आलं नाही की ती ओट्यावर ठेवायची, असं त्यांचं सुरू होतं.

पहिला गेला तो दादाने मित्राकडून आणलेला उंच हाय-लिफ्ट जॅक. तो लावायला बंपर लोखंडी आणि भक्कम लागतो. थारचा बंपर कंपनीचा, प्लास्टिकचा. जिप्सीचा बंपर पत्र्याचा, तोही जागोजागी वाकलेला. त्यानंतर उसना मिळणाऱ्या विंचचा, म्हणजे दोरी गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राचा, विषय निघाला. दादाला तो हवाच होता. मामांनी फोनवर स्पीतीचे फोटो काढायला लावले, एकेक करत बरेच बघितले आणि म्हणाले, "आरं, पण बांधणार कशाला ह्याला? एक झाड दाखव मला."

इतके दिवस आम्ही याद्या करत होतो आणि ही गोष्ट आमच्या डोक्यातच आली नव्हती. कास, कोयना, महाबळेश्वरच्या रानात गाडी रुतली की विंचची दोरी जवळच्या झाडाला रुंद पट्टा बांधून अडकवायची, ही आमची सवय. स्पीतीच्या उघड्या डोंगरात असं झाड मिळणार नाही. तिथे विंचला धरायला दुसरी गाडी लागते किंवा एखादा मोठा खडक. तेही नसेल तर स्टेपनी जमिनीत पुरून तिला दोरी बांधायची. दोन गाड्या एकत्र जाणार असतील तर ओढायच्या दोरीवर भागतं. विंच घरीच राहिला.

ताडपत्रीवर शेवटी उरलं ते असं: हवेचं गेज आणि बॅटरीला चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर, ट्यूबलेस पंक्चरचा संच, जिप्सीसाठी दोन जादा ट्यूब, फावडं, पहार, ट्रॅक्शन बोर्डांची (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या खाचेदार पट्ट्यांची) जोडी, ९ मीटरचा, ताणला जाणारा कायनेटिक रोप, न ताणला जाणारा एक सपाट पट्टा, चार शॅकल (दोरी अडकवायच्या, पिनेने बंद होणाऱ्या लोखंडी कड्या), चामड्याचे हातमोजे आणि सागाच्या जाड फळीचा दीड फुटी तुकडा. फळी मामांची. ती कशाला, हे मी तेव्हा विचारलं नाही.

दिवस १ ते ३: सातारा ते चंदीगड

साधारण अठराशे किलोमीटरचा नुसता हायवे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चंदीगडच्या बाहेर एका टायरच्या दुकानात थारची चारही चाकं फिरवून बसवून घेतली. हवा ३२ पीएसआय. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दिवस ४: नारकंडा

शिमल्याची गर्दी मागे टाकून रात्री नारकंड्याला पोचलो. उंची सुमारे २,७०० मीटर, भोवती देवदार. वहिनी देवदारांकडे बोट दाखवून म्हणाली, "इथे चालला असता तुझा विंच." दादा काही बोलला नाही.

दिवस ५: कल्पा

रामपूरच्या पुढे सतलज आणि रस्ता बरोबरीने चालतात. वांगतू, करछम ओलांडून रेकाँग पिओला चढण्याआधी दोन्ही टाक्या भरल्या, कारण पुढचा भरवशाचा पंप काझालाच. शिवाय जिप्सीसाठी २० लिटरचा लोखंडी कॅन. पेट्रोल साध्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये कधीच न्यायचं नाही, आणि कॅन काठोकाठ भरायचा नाही. उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो, आतल्या वाफेला जागा लागते. कॅन मागे उभा, दोन पट्ट्यांनी आवळलेला.

संध्याकाळी कल्प्यातून किन्नर कैलासवर ऊन मावळताना पाहिलं. त्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल.

दिवस ६: नाको, आणि मामांची फळी

खाबला स्पीती नदी सतलजला मिळते. तिथून रस्ता नागमोडी वळणं घेत नाकोकडे चढतो. झाडं आधी विरळ झाली, मग संपली. नाकोच्या पुढे मलिंग नाल्याचा भाग कायमचा घसरणारा. डोंगर वरून सुटत राहतो आणि रस्ता पुन्हा पुन्हा करावा लागतो. वरून दगड येत असेल तर थांबायचं आणि मोकळं दिसलं की न रेंगाळता पार व्हायचं, हा तिथला नियम. आम्ही पार झालो. त्यानंतर अर्ध्या तासाने थार उजवीकडे ओढायला लागली.

पुढच्या उजव्या टायरला कडेच्या भिंतीवर दोन बोटं लांब चीर. पाटीवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, घुसलेल्या खिळ्यावर पंक्चरच्या संचातली चिकट वात चालते, कारण तिथे रबराखाली पोलादी तारांचा थर असतो. कडेची भिंत मात्र दर फेऱ्याला दबते आणि उघडते, तिथे वात टिकत नाही. म्हणजे स्टेपनी. ज्या वाटेवर पंप आणि दुकानं नाहीत तिथे पूर्ण आकाराची स्टेपनी असलीच पाहिजे.

चाक बदलताना दोन अडचणी आल्या आणि दोन्हींचं मूळ घरीच होतं. पहिली, नट सुटेनात. चंदीगडच्या दुकानात ते हवेच्या बंदुकीने आवळले होते आणि गाडीबरोबर येणारा पाना वीतभर लांब. मी पूर्ण वजन टाकून उभी राहिले तरी नट हलला नाही. मामांनी जिप्सीच्या सीटखालून अडीच फुटी पाइप काढला आणि पान्याच्या दांड्यावर चढवला. दांडा लांबला की तेवढ्याच वजनात नट सुटतो. पाचही नट एका हाताने सुटले. मी तेव्हापासून सांगत आले आहे: टायरच्या दुकानातून निघण्याआधी एक तरी नट आपल्याच पान्याने, आपल्याच हाताने सोडून बघा आणि पुन्हा आवळा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी अडचण जॅकची. रस्त्याची कड म्हणजे सुटी खडी. जॅकवर भार आला तसा त्याचा तळ खडीत तिरका बुडायला लागला. तेव्हा ती सागाची फळी जॅकखाली गेली. भार पसरला, जॅक सरळ उभा राहिला. उरलेल्या तिन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. काढलेलं चाक मामांनी गाडीच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेवलं; जॅक निसटलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. "जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही," एवढं म्हणून ते बाजूला झाले आणि नट मला लावायला दिले. समोरासमोरचे, आलटून पालटून.

ताबोला अंधार पडल्यावर पोचलो.

दिवस ७: काझा

ताबोचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, इसवी सन ९९६ मधला. बाहेरून मातीचे बुटके डोलारे दिसतात, आत हजार वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. त्या अंधारात डोळे सरावेपर्यंत उभं राहावं लागतं. आम्ही तासभर होतो, कमी पडला.

काझाला टायरवाल्याने चीर बघून मान हलवली. आतून पॅच लावून दिला पण म्हणाला, ही फक्त स्टेपनी म्हणून ठेवा, हळू चालवा. खरं बोलला त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पंपावर दोन्ही टाक्या आणि कॅन पुन्हा काठाखाली भरले, कारण पुढचा पंप कुंझुम खिंड ओलांडून मनालीच्या बाजूलाच.

दिवस ८: लांगझा, हिक्कीम, कोमिक आणि नदीचं पात्र

उंचीची सवय व्हावी म्हणून हा दिवस राखला होता. वहिनीचं डोकं सकाळपासून दुखत होतं. लांगझ्याहून पुढे न जाता ती आणि मामा परत फिरले, भरपूर पाणी, दुपारी झोप. रिकव्हरीच्या सामानाइतकंच हेही सामान: दुखणं अंगावर न काढता खाली उतरायची तयारी. मी आणि दादा हिक्कीमच्या टपाल कचेरीत घरी पत्रं टाकून, कोमिकचा गोम्पा पाहून चारला परतलो. गावोगाव मटारची पोती भरली जात होती.

संध्याकाळी काझाच्या खाली, ट्रॅक्टर उतरतात त्या वाटेने स्पीतीच्या कोरड्या पात्रात गेलो. दादाला फोटो हवा होता. रुंद पात्र, वरवर कडक, आत बारीक वाळू. जिप्सीची मागची चाकं बघता बघता निम्मी आत गेली. दादाने अजून रेस दिली आणि एक्सल वाळूला टेकला.

तो लगेच रोपकडे धावला. मामा (तोवर चहा घेऊन तेही आले होते) म्हणाले, "दोरी सगळ्यात शेवटी. आधी हवा काढ."

हवा कमी केली की टायर पसरतो. रुंदीपेक्षा लांबीत जास्त, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. तेवढंच वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि वाळू धरून राहते. २८ वरून १८ वर आणली. जिप्सीच्या चाकांत ट्यूब, म्हणून त्याखाली जाऊ दिलं नाही. फारच कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्हच तुटतो. मग फावडं. एक्सलखालची वाळू आधी, कारण गाडी पोटावर बसली असेल तर चाकांवर वजनच नसतं. नंतर प्रत्येक मागच्या चाकापुढे उताराची चर, तिच्यात ट्रॅक्शन बोर्ड, टोक टायरखाली घट्ट कोंबलेलं. फोर-लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त), दुसरा गिअर, पायाखाली अंडं आहे असा हलका ॲक्सिलरेटर. चाक बोर्डावर चढलं आणि गाडी बाहेर. पुढे घट्ट जमीन येईपर्यंत थांबायचं नाही, बोर्ड आणायला चालत परत यायचं.

पाऊण तास गेला. त्यातला अर्धा तास फावडं. रोपची पिशवी उघडलीसुद्धा नाही.

परत हवा भरायला कॉम्प्रेसरला प्रत्येक चाकाला सातआठ मिनिटं लागली. कॉम्प्रेसर नाही म्हणून लोक हवा काढायला घाबरतात आणि मग रुततात.

दिवस ९: कुंझुम, चंद्रताल

लोसरच्या पुढे चढ. जिप्सी साध्या पेट्रोल इंजिनची, टर्बो नाही. दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद जाते, म्हणजे कुंझुमला, साडेचार हजार मीटरच्या वर, ती जेमतेम निम्म्याहून थोड्या जास्त ताकदीने ओढत होती. तीव्र वळणांवर दादाने सरळ फोर-लो लावला. क्लच जाळण्यापेक्षा ते बरं.

खिंडीत कुंझुम मातेच्या देवळाला प्रदक्षिणा घालून गेज काढलं. थारच्या चाकांत चंदीगडची ३२ तशीच ठेवली होती. हवेचं गेज आतला आणि बाहेरचा दाब यातला फरक दाखवतं. एवढ्या उंचीवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास ५७ टक्केच राहतो. त्यामुळे तापमान तेच असतं तर ३२ ची ३८ झाली असती. पण चंदीगडचा उकाडा आणि खिंडीतला गारठा यात पंचवीसेक अंशांचा फरक. थंडीने चार कमी केले. गेजवर ३४. दगडी वाटेसाठी २६ केली. फार कमी केली की दगडावर कडेची भिंत चिरते, आणि नाकोची चीर अजून डोळ्यांपुढे होती.

खिंड उतरल्यावर बातलच्या अलीकडे उजवीकडे चंद्रतालचा फाटा. एका गाडीपुरती अरुंद वाट, एका बाजूला चंद्रा नदी खूप खाली. समोरून गाडी आली की कुणीतरी मागे यायचं. तळ्याच्या काठावर मुक्काम करू देत नाहीत, तंबू काही किलोमीटर अलीकडे. गाडी लावून शेवटचं अंतर चालत. तळ्याचा रंग दर दहा मिनिटांनी बदलत होता. ढग आला की शिसवी, गेला की मोरपंखी.

दिवस १०: बातल ते मनाली

पहाटे साडेपाचला निघालो. कारण सरळ आहे: नाल्यांत बर्फ वितळून पाणी येतं. रात्रभर गोठलेलं असतं, सकाळी पाणी कमी. ऊन चढलं की दुपारपासून वाढतं. बातल ते ग्राम्फू सुमारे ५० किलोमीटर. रस्ता म्हणजे नदीने आणून टाकलेल्या गोट्यांची रांग. बातलच्या ढाब्यावर चहा-पराठे खाऊन पुढे. पहिले तीन नाले सहज. प्रत्येक वेळी कुणीतरी आधी पायी ओलांडायचं, हातात पहार. तीच काठी, तीच खोली मोजायची पट्टी. गुडघ्याच्या वर पाणी आणि पाय ओढला जातोय असं वाटलं की थांबायचं. पाण्यात शिरताना पहिला किंवा दुसरा लो गिअर, एकसारखा वेग, मध्ये क्लच दाबायचा नाही.

चौथ्या नाल्यापाशी आठ-दहा गाड्या खोळंबल्या होत्या. मधोमध एक छोटी हॅचबॅक, आत नवराबायको आणि दोन मुलं. पुढचं चाक दोन गोट्यांच्या मध्ये, पोट एका मोठ्या दगडावर. पाणी दाराच्या खालच्या कडेला. सव्वाअकरा वाजले होते. नवरा पुन्हा पुन्हा स्टार्टर मारत होता.

मामा चपला काढून तसेच पाण्यात शिरले. खिडकीतून हात घालून त्यांनी किल्ली काढून घेतली. "भाईसाब, बस." मग मला मराठीत, "इंजिनात पाणी गेलं असंल तर पिस्टनचा रॉड वाकंल. पाणी दाबलं जात नाही, पोरी."

आधी मुलं आणि बाई काठावर, आमच्या गाडीत, कोरड्या शालीत. बोनेट उघडून एअर फिल्टरचं झाकण काढलं. फिल्टर कोरडा. म्हणजे इंजिनात पाणी गेलेलं नव्हतं, नुसतं बंद पडलं होतं. तो ओला निघाला असता तर प्लग काढून, रिकामं फिरवून पाणी बाहेर काढल्याशिवाय ती गाडी सुरू करायची नव्हती.

तोवर एक टेम्पोवाला लोखंडी वायर घेऊन आला होता. माणूस भला, मनापासून मदत करायला आलेला. त्याचं म्हणणं, बांधा आणि एक झटका द्या. चारपाच जण वायरच्या रेषेत मोबाइल धरून उभे. मामांनी वर्कशॉपमध्ये एकदा ताणलेली वायर तुटताना पाहिली आहे. ती समोरच्या बसची काच फोडून आत गेली होती. ते हात जोडून नाही म्हणाले. मी रोप काढायला गेले तर मलाही नाही म्हणाले.

का, ते मला तिथे, पाण्यात उभं असताना कळलं. कायनेटिक रोप नायलॉनचा, रबरासारखा ताणला जातो, ओढणाऱ्या गाडीचा वेग साठवतो आणि रुतलेल्या गाडीला हळू पण जबर हिसका देतो. वाळूत, चिखलात तो उत्तम. पण तो हिसका सहन करायला चेसिसला जोडलेला पक्का हूक लागतो. हॅचबॅकला असतो तो बंपरमधल्या टोपीमागे फिरवून बसवायचा एक छोटा आकडा, बंद गाडी सपाट रस्त्यावर सावकाश न्यायला दिलेला. हिसक्यात तो उपटून गोळीसारखा सुटतो. आणि पोट दगडावर असताना ओढणं म्हणजे चेंबर, इंजिनाखालची तेलाची टाकी, फोडून घेणं.

म्हणून पहार. दादा आणि टेम्पोवाला दोघांनी मिळून पोटाखालचा दगड हलवला. पंधरा मिनिटं लागली, बोटं बधिर झाली, आळीपाळीने काठावर येऊन हात बगलेत धरावे लागत होते. मग पाण्यातच जॅक, खाली मामांची फळी, चाक उचलून खड्ड्यात चपटे दगड. आकडा स्टेपनीच्या खाली हत्यारांच्या पिशवीत सापडला. मालकाला तो आहे हेच माहीत नव्हतं. तो शेवटपर्यंत पिळून बसवला, त्यात शॅकल. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्यायची, नाहीतर भार आल्यावर ती अडकून बसते आणि सुटत नाही. शॅकलवर ४.७५ टन ही भारमर्यादा कोरलेली आहे; ती कोरलेली नसेल तर ते शॅकल ओढायला वापरू नये. न ताणला जाणारा सपाट पट्टा लावला, त्याच्या मधोमध ओली ब्लँकेट टाकली, म्हणजे तुटलाच तर खाली पडेल. सगळ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब आणि रेषेच्या बाजूला उभं केलं. हे करायला सगळ्यात जास्त वेळ लागला. लोकांना मोबाइल खाली ठेवायला सांगावं लागतं, आणि ते सांगायलाच हवं.

ओढलं मी. थार फोर-लो, पहिला गिअर, सरळ रेषेत. पट्टा सैल असेपर्यंत इंचाइंचाने, ताठ झाला तसा थोडा जास्त ॲक्सिलरेटर. इशारे फक्त मामांचे, बाकी कुणी ओरडायचं नाही हे आधीच ठरलं होतं. गाडी एकदा डुलली, दगडावर चढली आणि पाणी गाळत काठावर आली. कुणी टाळ्या वाजवल्या. मामा आधी चेंबर बघायला वाकले, तेल गळत नव्हतं. मगच त्यांनी किल्ली परत दिली.

पावणेएक वाजला होता. नाल्याचं पाणी आम्ही आलो तेव्हापेक्षा चार बोटं वर. आमच्या दोन्ही गाड्या लगेच ओलांडल्या, काठावर ब्रेक तीनचार वेळा दाबून कोरडे केले आणि छतरू, ग्राम्फू करत अटल बोगद्यातून अंधाराच्या आधी मनालीत.

रात्री हॉटेलच्या मोरीत पट्टा स्वच्छ पाण्याने धुतला. वाळूचे कण विणीत राहिले तर आतून धागे कापतात. धुताना माझ्या बोटाला एक जागा खरखरीत लागली. नाल्यातल्या दगडावर घासून कड बोटभर फाटली होती. ओढताना कुणाला दिसली नव्हती. मी तो वाळत घालायला निघाले, तर मामांनी हातातून घेतला, चाकू मागितला आणि त्याचे तीन तुकडे केले. दोन तुकडे जिप्सीतला कॅन आवळायला. तिसरा त्यांनी गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला, घरी नेऊन ताडपत्रीच्या कडेला शिवायला.